मदत हवी आहे: विक्रमी गल्ल्याच्या चित्रपटाचा ठसा टिकला की नाही, हे कशावरून ठरवावे?

कोल्हापुरातील आमच्या चित्रपटप्रेमी गटात पुढील महिन्यात मला अर्ध्या तासाचे टिपण वाचायचे आहे. प्रचंड कमाई करूनही काही चित्रपट लोकांच्या बोलण्यात का उरत नाहीत, हा त्याचा विषय आहे.

मुख्य उदाहरण २००९ च्या ‘अवतार’चे आहे. त्याने जगभरात २७० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. तरीही ओळखीतल्या १५ जणांना विचारले, तेव्हा निळी माणसे सर्वांना आठवली, पण नायकाचे नाव एकालाही सांगता आले नाही. याउलट १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’तील धनंजय माने यांची चौकशी आजही कोणाच्याही दारात उभे राहून केली जाते आणि आतून हसू ऐकू येते.

त्रिमिती दृश्यांची जादू घरच्या पडद्यावर ओसरते, हे कारण मी तपासले. परंतु २०२२ च्या दुसऱ्या भागानेही २०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, त्यामुळे ‘लोक विसरले’ असे म्हणणे मला घाईचे वाटते. शिवाय भाषांतरित संवादांची तुलना मूळ मराठी संवादांशी करणे कितपत न्याय्य आहे, ही शंका आहेच.

कमाईचे आकडे माझ्याकडे आहेत आणि चित्रपट चांगला की वाईट, हा वादही नको आहे. मी अडलो आहे ते एकाच ठिकाणी: दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवल्यामुळे टिकलेली आठवण आणि चित्रपटाने स्वतःच्या बळावर उमटवलेला ठसा, हे दोन्ही वेगळे कसे ओळखावेत?