बेटावर राहायचं कुठे? हॉटेल निवडताना काय बघायचं?

निळाई
आठ दिवस, सात रात्री एखाद्या बेटावर जायचं चाललंय. हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर घ्यावं तेच कळत नाहीये, कारण सगळ्यांच्या फोटोत तेच निळं पाणी आणि तेच नारळ. सोबत ६ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेली आई. रोज पाण्यात उतरता यावं आणि रात्री शांतता असावी, एवढंच हवंय. कृपया नेमकं सांगा. एकाच ठिकाणी राहावं की दोन?

नकाशेवाला
हॉटेल सगळ्यात शेवटी बघा. आधी महिना, मग बेटाची बाजू. एकाच बेटावर, एकाच दिवशी, एका किनाऱ्यावर लाटा आणि दुसऱ्यावर संथ पाणी असं सर्रास असतं.

मॉरिशसचं उदाहरण घ्या. जून ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून जोरदार वारा येतो. पूर्वेचा बेल मार त्या वाऱ्याच्या तोंडावर, पश्चिमेचा फ्लिक आँ फ्लाक डोंगरांच्या आडोशाला. म्हणून जुलैत लहान मुलाला घेऊन पश्चिम किनारा. डिसेंबर-जानेवारीच्या उकाड्यात मात्र पूर्वेचा तोच वारा हवासा वाटतो. श्रीलंकेत मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य किनारा खवळलेला असतो आणि त्याच वेळी पूर्वेला त्रिंकोमालीचा समुद्र शांत. थायलंडमध्ये फुकेतचा पावसाळा मे ते ऑक्टोबर, तर कोह सामुईला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. 'थायलंडला नोव्हेंबर चांगला' हे ऐकून सामुईचं बुकिंग केलं की फसगत ठरलेली.

डोंगराळ बेट असेल तर वाऱ्याकडची बाजू हिरवी आणि पावसाची, मागची बाजू कोरडी. उपग्रहाच्या नकाशात रंगावरूनच कळतं.

उधाण_भांग
वर सांगितलंय ते पटलं. पण लोक सगळ्यात जास्त फसतात ते ओहोटीला. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे किंवा जांबियानीला, ओहोटीत पाणी इतकं आत जातं की समोर नुसती ओली वाळू, शेवाळ आणि डबकी उरतात. उत्तरेच्या नुंगवी आणि केंडवाला मात्र बहुतेक वेळ पोहता येतं. हॉटेलचे फोटो अर्थातच भरतीचे.

तारखा ठरल्या की त्या जागेचं भरतीचं वेळापत्रक काढा. अमावास्या-पौर्णिमा आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि सगळ्यात जास्त ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा फरक कमी. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी दुपारी १२ ला पूर्ण ओहोटी असेल, तर सातव्या दिवशी ती संध्याकाळी ५ च्या सुमारास येईल आणि भरती सकाळी ११ च्या आसपास. मुलाच्या पोहण्याच्या वेळा यावरून आधीच बांधता येतात.

उपग्रहाच्या चित्रात हॉटेलसमोर झूम करा. दूरवर पांढरी फेसाळ रेघ दिसली तर ती प्रवाळाची भिंत. तिच्या आत पाणी संथ, मुलासाठी उत्तम. आतला फिका निळसर भाग बहुधा वाळूचा. गडद, तपकिरी ठिगळं म्हणजे समुद्रगवत किंवा प्रवाळ. तिथे पायात जाड रबरी तळव्याचे बूट हवेत, समुद्री साळींचे (सी अर्चिन, काटेरी गोळ्यासारखे प्राणी) काटे पायात मोडून राहतात. त्या पांढऱ्या रेघेत जिथे गडद निळी फट दिसते, तिथून आतलं पाणी बाहेर खेचलं जातं. ओहोटी लागल्यावर तर ओढ फार असते. त्या फटीसमोरचं हॉटेल मुलासोबत घेऊ नका.

निळाई
हे कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार! आईच्या दृष्टीने खोलीचं काय बघू?

खोली_तळमजला
शब्द नीट वाचा. 'बीचफ्रंट' आणि 'बीच अ‍ॅक्सेस' वेगळे. दुसऱ्यात मध्ये रस्ता असू शकतो. 'पार्शियल सी व्ह्यू' म्हणजे गॅलरीच्या टोकाला उभं राहून दिसणारी पट्टी. उतारावरच्या व्हिलांचा देखावा सुंदर, पण गुडघ्यांना ती शिक्षा. हॉटेलला ईमेल करून दोनच प्रश्न विचारा: खोलीपासून वाळूपर्यंत पायऱ्या किती, आणि तळमजल्याची खोली लेखी नक्की करून मिळेल का. 'रिक्वेस्ट नोंदवली आहे' हे उत्तर म्हणजे होकार नव्हे.

रिव्ह्यू ताजे वाचा, शिवाय तुमच्याच महिन्यातले. त्यात 'संगीत', 'बांधकाम', 'जनरेटर', 'सँडफ्लाय' (बारीक चावरे किडे) हे शब्द शोधा. ओढ्याच्या मुखाजवळ किंवा खारफुटीलगत हॉटेल असेल तर पहाटे-संध्याकाळी सँडफ्लाय चावतात आणि पावसानंतर पाणी गढूळ होतं.

नकाशेवाला
दोन ठिकाणांचं राहिलं. तुमच्यासाठी एकच ठिकाण. खोली सकाळी ११ ला सोडायची आणि नवी दुपारी २-३ ला मिळायची, यात सामानासकट अख्खा दिवस जातो. अपवाद एकच: बेटावर फेरीबोटीने जायचं असेल, तर शेवटची रात्र विमानतळाच्या बाजूला काढा. वारा वाढला की फेरी रद्द होते आणि विमान थांबत नाही. मालदीवला सीप्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने) जायचं असेल तर ते फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी उतरत असेल तर स्पीडबोटीने गाठता येईल असंच बेट घ्या.