भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाठ असलेला माणूस

'कोडिंग काढून टाकलं तर मी कोण, हेच मला सांगता येत नाही,' हे तुमचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. मीही ऐरोलीत सर्व्हर सांभाळतो, बारा वर्षं झाली. पण थंडी सरत आली की माझा रविवार ठाणे खाडीचा असतो.

तिथले रोहित पक्षी (आपण सगळे फ्लेमिंगोच म्हणतो) मी आधी नुसते 'गुलाबी' म्हणून बघायचो. मग एका काकांनी चोच बघायला शिकवलं. मोठ्या रोहितची चोच गुलाबी, टोक काळं. धाकट्याची पूर्ण गडद. डोकं उलटं करून, जिभेनं पाणी आत-बाहेर ढकलत ते चोचीतल्या गाळणीतून शेवाळ आणि बारीक जीव टिपतात, आणि त्यातल्याच रंगद्रव्यानं पिसं गुलाबी होतात. पिल्लं करडी असतात. हे कळलं त्या दिवशी मी तासभर जागचा हललो नव्हतो!

भरतीत चिखल बुडाला की थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसावतात, म्हणून त्या जागाही वाचायलाच हव्यात. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. नेरूळ-सीवूड्सच्या त्या पाणथळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत, याची मला मनापासून काळजी वाटते.

ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून बोट सुटते. भरतीची वेळ बघून एकदा या. दुर्बीण माझ्याकडे आहे.