चार्जिंग कमी पडते आहे: अल्टरनेटर बदलावा की दुरुस्त करावा?

घोडबंदरवासी:
बॅटरी नवी असूनही गाडी दोन दिवस उभी राहिली की सेल्फ जेमतेम फिरतो. संध्याकाळी घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत एसी, हेडलाइट आणि वायपर एकदम चालू असले की दिवे मंदावतात आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.१ व्होल्ट दिसतात, सगळा भार टाकल्यावर १२.२. अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) फिरवणारा पट्टा घट्ट आहे. गॅरेजवाले पूर्ण अल्टरनेटर बदलायला सांगतात. त्याआधी काय तपासावे?

तुर्भेकर इलेक्ट्रिशियन:
१२.२ म्हणजे गाडी बॅटरीवरच चालली आहे. अल्टरनेटर चांगला असेल तर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. तरीही आधी वायरिंग पाहावे, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात टर्मिनल आणि अर्थिंगला गंज फार लवकर धरतो. भार चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर आणि दुसरी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर लावा, फरक ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त आला तर दोष वायरमध्ये आहे. नंतर मीटर एसी व्होल्टवर (गाडीचा एसी नव्हे, दिशा बदलत वाहणारी वीज) घेऊन बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर डायोड (अल्टरनेटरमधल्या एसी विजेचे डीसीत रूपांतर करणारा भाग) गेल्याची दाट शक्यता असते, आणि मिणमिणता दिवा मला तिकडेच बोट दाखवतो. शॉर्ट झालेला डायोड उभ्या गाडीची बॅटरीही उतरवतो. अशा वेळी रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत कोणी सुचवली तर स्पष्ट नकार द्या. व्होल्टेज एकदम उसळून ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा कॉम्प्युटर) जळू शकतो.

नेरूळकर:
अल्टरनेटर काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलीच पाहिजे, कारण जाड वायरमध्ये इंजिन बंद असतानाही करंट असतो आणि पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी उडते. पट्ट्याच्या मार्गाचा फोटो काढून ठेवा. बेअरिंगचा आवाज नसेल आणि वाइंडिंग (आतले तारेचे वेटोळे) जळलेले नसेल, तर डायोड प्लेट आणि कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) बदलून काम भागते. नवाच घ्यायचा झाला तर अँपिअर रेटिंग मूळ अल्टरनेटरइतकेच पाहून घ्या.

घोडबंदरवासी:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. वायरमधला फरक नगण्य निघाला, मात्र एसी व्होल्ट ०.९ आले. वागळे इस्टेटमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर उघडला तेव्हा डायोड प्लेट एका बाजूला काळी पडलेली होती आणि ब्रशही झिजले होते. दोन्ही बदलले, बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घेतली. आता एसी आणि हेडलाइट चालू असतानाही १४.१ व्होल्ट मिळतात.