मदत हवी आहे: फूटपाथवर दुचाकी चढू नये, पण व्हीलचेअर अडू नये यासाठी काय करावं? (कोथरूड)

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी कोथरूडला, कर्वे रस्त्याला मिळणाऱ्या एका आतल्या रस्त्यावर आहे. संध्याकाळी सिग्नलची रांग पार आमच्या गेटपर्यंत येते आणि दुचाकीवाले सरळ फूटपाथवर गाडी घालतात. व्हीलचेअरसाठी जो उतार केलाय, नेमका त्याच्यावरूनच. वर मागून हॉर्न.

सासरे अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर असतात. संध्याकाळी त्यांना खाली न्यायचं म्हणजे कुणीतरी पुढे हात दाखवत चालावं लागतं. मुलगा आठवीत आहे, सायकलने शाळेत जातो. एका कडेला पार्क केलेल्या गाड्या आणि दुसरीकडून अंगावर येणाऱ्या रिक्षा यांच्यात सायकलला जागाच उरत नाही, म्हणून बरीच पोरं फूटपाथ धरतात. त्यावरून आता ज्येष्ठ मंडळी आणि सायकलवाली पोरं यांच्यात जुंपली आहे. मागच्या आठवड्यात एका आजींच्या दंडाला सायकलचं हँडल लागलं, हातातली दुधाची पिशवी फुटली. त्यांचं चिडणं अगदी रास्त आहे. पण पोरांना रस्त्यावर ढकलून हे सुटेल असं मला वाटत नाही.

सोसायटीच्या बैठकीत ठरलं की फूटपाथच्या तोंडाशी लोखंडी खांब बसवायची मागणी करायची. मी टेप घेऊन मोजायला बसले. सासऱ्यांची खुर्ची साधारण ६५ सेंटीमीटर रुंद आहे, पण चाकावरचे हात आणि कोपरं धरली तर सुखाने जायला ९० तरी लागतात. आमच्या स्कूटरचं हँडल ७०च्या आसपास! सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन खांबांमध्ये १.२ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. म्हणजे जिथून खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाणारच, खांबांनी फक्त चारचाकी अडेल. खांब जवळ आणले की स्कूटरबरोबर सासरेही घरात बसणार. एकाने नागमोडी कठडा सुचवला, पण त्यात खुर्ची वळेल का याची मला शंका आहे.

कायद्याबद्दल वाद नाही. फूटपाथवर किंवा सायकल ट्रॅकवर मोटारवाहन चालवायला मनाईच आहे. पुण्याचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे, आणि अडथळा नसलेला, अपंगांना वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलंय. पण सिग्नलवर पोलीस असला तर लोक थांबतात, तो गेला की पुन्हा तेच.

मला स्वतःला वाटतं की मूळ पार्किंगमध्ये आहे. आमच्या रस्त्यावर दोन्ही कडांना गाड्या लागतात. पी-१ पी-२ (सम-विषम तारखांना आलटून पालटून एकाच कडेला पार्किंग) करून एक कड मोकळी झाली तर सायकलींना जागा मिळेल आणि पोरं आपोआप फूटपाथवरून उतरतील. यावर गाडीवाल्या शेजाऱ्यांचा प्रश्न असा की आमच्या गाड्या कुठे लावायच्या? तोही खोटा नाही, जुन्या इमारतींत पार्किंग नाहीच. शिवाय नुसता पट्टा रंगवला तर त्यावरही दुचाक्या लागतील, जंगली महाराज रस्त्याच्या सायकल ट्रॅकवर हे पाहिलंय.

तर जाणकारांनी कृपया सांगावं. व्हीलचेअर जाते पण दुचाकी चढत नाही अशी रचना पुण्यात कुठे प्रत्यक्ष चालू आहे का? असेल तर जागा सांगा, मी सासऱ्यांना घेऊन जाऊन बघेन. पी-१ पी-२ साठी अर्ज वाहतूक पोलिसांकडे करायचा की आधी क्षेत्रीय कार्यालयात? आणि महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते, त्यात असं काम कुणाचं मंजूर झालंय का, की थेट पथ विभागाला पत्र द्यावं?

भर: खाली एकांनी विचारलंय म्हणून. फूटपाथ १.८ मीटरचा आहे, पण मधे विजेचा डीपी असल्याने तिथे जेमतेम एक मीटर उरतो. त्यामुळे त्याच फूटपाथवर सायकलसाठी वेगळी रेघ मारणं जमणार नाही. रविवारी पुन्हा बैठक आहे, त्याआधी अर्जाचा नमुना कुणाकडे असल्यास फार उपकार होतील.