दशांश ढोबळ पगारावर, आणि नाही दिला तर नोकरी जाते म्हणे!

सीवूड्सची_ताई
परवा मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या ग्रुपवर एका बंधूंनी भलामोठा संदेश टाकला. सार असं, की दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा भाग, ढोबळ पगारावर काढायचा, पीएफ-टॅक्स कापायच्या आधी. आणि जो काढत नाही त्याच्या घरी आजारपण, थकलेले हप्ते, गेलेली नोकरी ठरलेलीच. बायबलातलं मलाखी ३ वाचा. खाली आमेनची रांग.

मी आमेन म्हटलं नाही. ह्यांची कंपनी महाप्यातून गाशा गुंडाळून गेली तेव्हा हे घरी बसले, फ्लॅटचा हप्ता काही बसला नाही. प्रार्थनेला म्हणून एक भगिनी आल्या. चहात बिस्किट बुडवता बुडवता मला विचारतात, "दशांश रेग्युलर आहे ना गं तुमचा?" लग्न झाल्यापासून आमचा लिफाफा एकदाही चुकलेला नव्हता. ह्याचं काय करायचं, बंधू? बायबलात संकटात सापडलेल्या इयोबाला भेटायला आलेले मित्र निदान पहिले सात दिवस तोंड मिटून बसले होते. इथे चहा संपेपर्यंतही धीर नाही.

आणि बायबलातल्या अनुवाद १४ मध्ये दर तिसऱ्या वर्षाचा दशांश लेवी (देवाच्या सेवेतले), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून आहे. आपल्या पेटीतलं विधवांपर्यंत किती पोचतं, ते आधी सांगा. मग माझी पगाराची स्लिप बघा.

विश्वासू_कारभारी
तो संदेश माझाच. ताई, तुमचं दुःख समजतो, पण वचन ते वचन. मोशेच्या नियमशास्त्राच्या कितीतरी आधी अब्राहामाने मलकीसदेक याजकाला दशांश दिला, उत्पत्ती १४. सरकार पगारातून परस्पर कापून घेतं तेव्हा आपण चूं करत नाही, देवाचं नाव निघालं की मात्र लगेच हातात किती येतात ते मोजायला बसतो. माझी साक्ष आहे: ढोबळवर द्यायला लागलो आणि वर्षाच्या आत प्रमोशन मिळालं.

घणसोलीकर
तुमच्याबरोबर ज्या बिनदशांशवाल्यांना प्रमोशन मिळालं ते कुठल्या अध्यायात बसतात?

मुद्दा हिशोबाचा आहे. न्यास नोंदलेला असला की लेखापरीक्षण करून हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, १९५० पासून कायदा आहे. आपल्या वार्षिक सभेत हिशोब मागितला की पंचांपैकी (चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी) कोणीतरी उठतो आणि "चला, प्रार्थनेने सांगता करू या". डोळे मिटले की विषयही मिटला. वर ज्याची वर्गणी थकली त्याला मत नाही. म्हणजे ज्याला हिशोब विचारायची सगळ्यात जास्त गरज, त्याचंच तोंड बंद.

विश्वासू_कारभारी
शाळेच्या हॉलचं भाडं, साउंड, लाइटबिल तुमच्या कायद्याने भरायचं का? सिडकोचा प्लॉट काय 'प्रभूची स्तुती असो' म्हटल्यावर मिळतो?

पाळकाची_लेक
दोघेही जरा थांबा. माझे वडील नगर जिल्ह्यात पाळक होते. पगार कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. कापणीच्या सणाला लोक बाजरी, भोपळे, कोंबड्या आणायचे आणि उपासनेनंतर लिलाव व्हायचा. एकदा एका म्हातारीने पदरात बांधून एकच अंडं आणलं होतं. ते अंडं लिलावात फिरत फिरत शेवटी गावच्या मास्तरांनी शंभर रुपयांना घेतलं आणि परत तिच्याच हातात ठेवलं. ती म्हातारी हातात काय येतं ते मोजत नव्हती, हे ताईंना. आणि तिच्या घरी कोण आजारी आहे म्हणून कुणी तिचा लिफाफा तपासत नव्हतं, हे बंधूंना.

मलाखी ३ चं दहावं वचन, दशांश आणा म्हणणारं, सगळ्यांना तोंडपाठ. त्याच अध्यायाचं पाचवं वाचा. मजुराची मजुरी अडकवणारे, विधवा-अनाथांना छळणारे, त्यांच्याविरुद्ध देव साक्ष देतो. आमच्या घरी पगार अडकायचा तेव्हा पंचांपैकी कुणाला हे वचन आठवलं नाही.

तलावपाळीवाला
आम्ही कॅथलिक, आमच्यात दहा टक्क्यांचा हिशोब नाही, ज्याची जशी ऐपत. पण पैशावरून निघालंच आहे तर माझं दुखणं ऐका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते ६५) लोकभाषेत मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायची मुभा दिली. आमच्या ठाण्यात लोकभाषा कोणती? मराठी मिस्सा भल्या पहाटे, इंग्रजी आरामात, चहा-नाश्ता उरकून. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे कॅथलिक, इथलेच. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीला हे नाव घेतलं ते गोव्याहून आलेल्यांपेक्षा वेगळं दिसावं म्हणून. आता घरात लग्नाला ओव्या गातो आणि देवळात शेवटच्या बाकावर बसतो.

घणसोलीकर
शंभर टक्के! आमच्याकडेही मराठी सातला, इंग्रजी साडेनऊला. दशांश दोन्हींचा एकाच पेटीत. वेगळ्या पेट्या ठेवा म्हणावं, मग कळेल हॉलचं भाडं कोण भरतं.

खारघरची_आई
इंग्रजी उपासना नसती तर माझी दोन्ही मुलं चर्चला आलीच नसती. मराठी सहावीत सोडलं त्यांनी. तुम्हाला भाषा वाचवायची आहे की पोरं?

तलावपाळीवाला
सोडलं की सोडवलं? शाळा कुणी निवडली?

खारघरची_आई
काका, माझ्या घरात घुसू नका. तुमची नातवंडं मराठीत पापनिवेदन करतात का, ते आधी सांगा.

तलावपाळीवाला
नाही करत. तेच तर रडतोय.

पाळकाची_लेक
रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आपल्याला अभंगाच्या चालीत गायला शिकवलं. आपल्या पोरांना ते भजन लागलं की पाणी प्यायला जायचं सुचतं. सातच्या वेळेने हे होत नाही, आपण घरी गात नाही म्हणून होतं.

विश्वासू_कारभारी
धागा दशांशाचा आहे, भाषेचा नाही. कृपया विषयावर या.

सीवूड्सची_ताई
येते. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. विधवांना किती?

विश्वासू_कारभारी
नक्की आकडा खजिनदारांना विचारावा लागेल. बरं, तुमच्या समाधानासाठी संदेशातली आजारपण आणि नोकरीची ओळ काढतो. तेवढ्याने तुमचा विश्वास वाढत असेल तर आनंद आहे. ढोबळ मात्र ढोबळच राहणार.

सीवूड्सची_ताई
उपकार झाले. २ करिंथ ९ मध्ये 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो' लिहिलंय, तेही ढोबळवर मोजायचं का ते खजिनदारांनाच विचारा.

घणसोलीकर
खजिनदार भेटलेच तर एक काम सांगा. मागच्या रविवारी सातच्या उपासनेला शाळेचा वॉचमन गेट उघडेना, म्हातारी माणसं रस्त्यावर उभी. साडेनऊवाल्यांना कधी उभं राहावं लागत नाही. या रविवारी चावी कोण आणतंय?