मिश्र पद्धतीने शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मदत नेमकी कशी करावी?

समन्वयक_कला_वाणिज्य:
नमस्कार. वर्ग आणि ऑनलाइन यांची सांगड घालण्यासाठी मूडल (ऑनलाइन कोर्स चालवण्याची प्रणाली) बसवले आहे, २२ प्राध्यापकांची दोन दिवसांची कार्यशाळाही झाली. फाइल चढवणे सगळ्यांना जमते, पण बहुतेक कोर्समध्ये पीपीटी आणि पीडीएफ यांपलीकडे काही नाही. पुढच्या सत्राआधी काय करावे? विद्यार्थी मोबाइलवरच अवलंबून आहेत.

तासिका६०:
मॅडम, कार्यशाळेत बटणे शिकवली जातात; अडते ते तासिकांच्या वाटणीवर. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मे २०२१ च्या संकल्पना-टिपणात विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन धरला आहे. ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय म्हणजे ६० तासिका, त्यातल्या जास्तीत जास्त २४. सगळ्या विषयाला एकदम हात लावू नका. प्रत्येकाने एकच घटक घ्यावा, साधारण १५ तासिकांचा, आणि त्यातल्या ६ वर्गाबाहेर, म्हणजे ऑनलाइन, काढाव्यात. व्याख्या, पार्श्वभूमी, सोडवून दाखवलेली उदाहरणे बाहेर जातात. शंका, वाद, चुकलेली गणिते वर्गात राहतात.

५० मिनिटांचे व्याख्यान तसेच्या तसे रेकॉर्ड केले तर कुणी पाहत नाही. ८ ते १० मिनिटांचे दोन तुकडे करा आणि त्यावर ५ प्रश्नांची चाचणी ठेवा, तासाच्या आदल्या रात्री ९ ला बंद होणारी. सकाळी मूडलचा अहवाल उघडून जो प्रश्न सर्वाधिक चुकला, त्यापासूनच तास सुरू करायचा. बरेच जण इथेच घसरतात: पोरे न बघता आली म्हणून सर तेच पुन्हा फळ्यावर शिकवतात. दोनदा असे झाले की व्हिडिओ बघण्याची गरज नाही हे वर्गाला कळते, आणि सरांच्या गळ्यात एकाऐवजी दीड विषय पडतो.

प्रश्नपेढी:
प्रश्न एकेक करून टाकायला लावू नका. एका घटकाचे ३० प्रश्न एका मजकूर-फाइलमध्ये मूडलला वाचता येणाऱ्या एकेन (Aiken) पद्धतीने लिहायचे: प्रश्न एका ओळीत, खाली पर्याय, शेवटी उत्तराची ओळ. पर्यायांची अक्षरे आणि 'आन्सर' हा शब्द इंग्रजी मोठ्या लिपीतच (A, B, C, D, ANSWER) हवा. अ, ब, क, ड लिहिले की आयात फसते.

मराठी माध्यमात खरी डोकेदुखी फॉन्टची. जुने प्रश्नसंच श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतात, ते मूडलमध्ये चिकटवले की गिचमिड दिसते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासणे, मग यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत) मध्ये सेव्ह. हे काम प्राध्यापकावर टाकू नका, टंकलेखकाला द्या.

एसटी_पास:
'तासिका६०' यांच्याशी व्हिडिओबाबत सहमत नाही. रोजच्या डेटावर चालणाऱ्या मुलांना आवाज आणि दोन पानी टिपण जास्त उपयोगी. ६४ केबीपीएसचा १० मिनिटांचा ऑडिओ ५ एमबीच्या आत बसतो. मूडलच्या अ‍ॅपमध्ये तो वायफायवर उतरवून एसटीत ऐकता येतो. 'इतक्या मिनिटांत सोडवा' अशी वेळेची मर्यादा घातलेली चाचणी मात्र ऑफलाइन सोडवता येत नाही, म्हणून आदल्या रात्रीच्या चाचणीला मिनिटांची मर्यादा नकोच.

सर्व्हर बघणाऱ्याला एक विचारा: पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिले आहे तिची) अपलोड मर्यादा वाढवली आहे का? मुळात ती २ एमबी असते. कॅमेऱ्यातला एक फोटोही त्यात मावत नाही, आणि मग 'गृहपाठ जात नाही' म्हणून रात्री ११ ला प्राध्यापकांचे फोन वाजतात.

समन्वयक_कला_वाणिज्य:
आभार. ऑनलाइन ६ तासिका वेळापत्रकात कशा दाखवाव्यात?

तासिका६०:
त्या तासांना वर्गखोली रिकामी ठेवा आणि प्राध्यापकाच्या नावावर 'ऑनलाइन मार्गदर्शन' असेच लिहा. चर्चामंचावरची उत्तरे त्याच वेळात द्यायची. ती तासिका दुसऱ्या वर्गाला दिलीत की पुढच्या सत्रात पुन्हा पीडीएफच दिसतील. रेकॉर्डिंगचा वेळ वेगळा मोजा: पहिल्यांदा १० मिनिटांच्या तुकड्याला टिपणासह दोन-तीन तास सहज जातात.