खानावळीनं मेनू बदलला आणि शेंगाभाजीचा तवंग गेला. मालकाला नेमकं काय सांगायचं?

पूर्वभागवाला (प्रश्न)

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूची जुनी खानावळ. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडायचं नाहीये. आधी फळ्यावर खडूनं पाच-सहा पदार्थ असायचे, आता जाडजूड मेनूकार्ड आलंय. पनीरची दोन पानं, चायनीज, तंदूर. ज्वारीच्या भाकरीपुढं 'उपलब्धतेनुसार' असं छापलंय आणि ती बहुतेक वेळा उपलब्ध नसते. शेंगाभाजी (शेंगदाण्याच्या कुटाची रस्साभाजी) आहे, पण 'शेंगा मसाला' या नावानं. दाट, जरा गोडसर, वर तवंगाचा पत्ता नाही. मटणाचा रस्सा आणि पनीरचा रस्सा डोळे मिटून चाखला तर फरक सांगता येणार नाही. शेंगाचटणी ताटात न मागता यायची, ती आता मागितल्यावर वाटीत येते आणि कोरडी भुकटी असते.

मालक तेच, जागा तीच. विचारलं तर म्हणतात, "काळं तिखट आपलंच आहे, काही बदललं नाही." मग चव का गेली? आणि "पूर्वीसारखं करा की मालक" एवढ्यानं काम होत नाही हे नेहमीचे सगळे गिऱ्हाईक सांगतात. तर काय मागावं?

तर्री_कमी_नको

मालक खरं बोलत असतील. तिखट तेच असेल, पण पद्धत बदललीय.

कार्ड एवढं लांबलं की प्रत्येक भाजीला वेगळी फोडणी घालणं शक्य नसतं. मग सकाळी एकच मोठं पातेलं लागतं: कांदा, टोमॅटो, काजू नाहीतर मगज बी, सगळं उकडून वाटून. ऑर्डर आली की कढईत तेल, दोन पळ्या ही ग्रेव्ही, वरून ज्याचा त्याचा मसाला. पनीरला हे चालतं. शेंगाभाजीचा मात्र यात जीव जातो. गोडसरपणा उकडलेल्या कांद्याचा आणि काजूचा आहे. शेंगाभाजीत टोमॅटोही नको आणि काजूही नको.

आता तवंगाचं. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास निम्मं तेल असतं. ते बाहेर यायला दोन गोष्टी लागतात: कूट आधी फोडणीच्या तेलात परतायचं आणि उकळतं पाणी घालून मंद आचेवर किमान १२ ते १५ मिनिटं रटरटू द्यायचं. तयार ग्रेव्हीत कूट टाकून मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटांत ताट काढलं तर कूट नुसतं पाणी पिऊन फुगतं. भाजी दाट दिसते, पण तेल आतच राहतं आणि काजूची पेस्ट त्याला आणखी धरून ठेवते. अशी भाजी गार झाली की वाटीत खळीसारखी बसते. नीट उकळलेली भाजी गार झाली तरी कडेनं तेल सुटलेलं दिसतं, आणि खाली कूट रवाळ लागतं. गार पाणी घातलं तरी हाच घोटाळा होतो. उकळी मोडते आणि कुटाच्या गुठळ्या होतात.

मटणाची परीक्षा याहून सोपी. आत जाऊन "आळणी मिळेल का?" एवढंच विचारा. हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजवलेलं पाणी म्हणजे आळणी, आणि रस्सा त्याच्यावरच बांधायचा असतो. नाही म्हणाले तर मटण कुकरला वेगळं शिजतंय आणि वरून ग्रेव्ही पडतेय. म्हणूनच पीस आतून फिकं लागतं.

मालदांडी३५

भाकरीवर दोन ओळी लिहितो, कारण सगळे भाजीवरच अडकलेत.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की विरी (पीठ धरून राहण्याचा गुण) जाते, मग थापताना कडा फाटतात आणि तव्यावर भाकरी फुगत नाही. दळून आठवडा झाला की फरक जाणवतो, पंधरा दिवसांनी तर गरम पाण्यानं मळूनही नीट जमत नाही. बाजरीचं पीठ त्याहून लवकर कडू होतं. रोज भाकरी खपायची तेव्हा पीठही रोजचं असायचं. आता खप कमी, म्हणून पीठ पडून राहतं, म्हणून भाकरी बिघडते, म्हणून खप अजून कमी. या चक्रात 'उपलब्धतेनुसार' येतं.

मालकाला एकच विचारा: पीठ कधीचं आहे? ज्वारी मालदांडीच (रब्बी ज्वारीचं जुनं वाण) हवी. मंगळवेढ्याची ज्वारी शेजारीच पिकते, २०१६ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे. रब्बीचं पीक आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी येते. तेव्हा पोतं भरून ठेवायचं आणि लागेल तेवढंच दळायचं. आणि ताजी भाकरी जमतच नसेल तर कडक भाकरी ठेवा म्हणावं. ती टिकते, बाहेरून आणता येते आणि शेंगाभाजीत चुरून खायला तर तीच बरी.

गल्ल्यावरचा

हॉटेल लाइनमध्ये आहे, तर दुसरी बाजूही ऐका.

एका तव्यावर एक बाई तासाला वीस-पंचवीस भाकऱ्या काढते, त्याही हात बसलेला असेल तर. किलोभर पिठात दहा-बारा होतात. दुपारच्या दोन तासांच्या गर्दीत शंभर भाकऱ्या द्यायच्या तर दोन तवे, दोन बाया, आणि एक सुट्टीवर गेली की धंदा बसला. तंदूर एकदा तापला की एकच माणूस किती रोट्या लावतो ते बघा. त्यात कुटुंब आलं की पोरांना पनीर आणि नूडल्स लागतात. एक पोरगं अडून बसलं तर सहाजणांचं टेबल दुसरीकडं जातं. मेनू वाढवणं हा मूर्खपणा नाहीये राव. चूक एवढीच की जुने चार पदार्थ नव्या पातेल्यात घातले.

म्हणून "मेनू पूर्वीसारखा करा" म्हणू नका, तो होणार नाही. मागायचं ते असं: शेंगाभाजी, मटण रस्सा, आमटी, या तिघांना ग्रेव्ही लावू नका, यांचं पातेलं वेगळं ठेवा. शेंगाभाजी सकाळी एकदाच मोठी केली तरी चालते. मुरली की उलट चांगलीच लागते. म्हणजे ऑर्डरगणिक वेळ जात नाही. मालकाला खर्चाचं बोलायचं असेल तर सांगा की काजू-मगजापेक्षा शेंगदाणा स्वस्त पडतो.

कधी बोलायचं हेही महत्त्वाचं. दुपारी एक ते तीन आणि रात्री आठनंतर कोणताच मालक ऐकत नाही, नुसती मान हलवतो. चार-साडेचारला जा. वेटरला सांगून उपयोग नाही, तो फार तर "सांगतो" म्हणेल. आचारी नवा असेल तर मालकाला म्हणावं, त्याला पण बोलवा. आणि तोंडी तक्रारीपेक्षा ऑर्डर बोलते: "गुरुवारी दुपारी पंधरा ताटं, तीस भाकरी, शेंगाभाजी वेगळ्या पातेल्यात, ॲडव्हान्स घ्या." गुरुवार अशासाठी की बऱ्याच जणांचा मटणाचा वार नसतो, चूल मोकळी असते. सलग चार गुरुवार खपलं तर तो स्वतःहून फळा परत लावेल. श्रावण तर याला सगळ्यात बरा.

पूर्वभागवाला

पंधरा माणसं जमतील. तर्री दादा, पातेल्याचं प्रमाण देता का? आचाऱ्याच्या हातात कागद देता येईल. आणि चटणीचं राहिलं.

तर्री_कमी_नको

चार ताटांचं देतो, पंधराला चौपट धरा. तेल मात्र तिप्पट पुरतं.

एक वाटी शेंगदाणे मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजायचे, सालं पाखडून रवाळ कूट करायचं. पीठ करायचं नाही. तेल तीन मोठे चमचे, त्यात जिरं, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून. लसूण तांबूस झाला की आच एकदम कमी, मग हळद आणि दीड चमचा काळं तिखट. इथं दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की तिखट जळतं आणि सगळं पातेलं कडवट. लगेच कूट टाकून दोन मिनिटं परतायचं. मग तीन वाट्या उकळतं पाणी, मीठ, आणि झाकण अर्धं ठेवून १५ मिनिटं. मोठ्या पातेल्याला २५ धरा. तवंग दिसल्याशिवाय उतरवू नका. पातळ वाटली तर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) लावा चमचाभर, कॉर्नफ्लॉवर नको.

उखळ_मुसळ

चटणी मी सांगते. भुकटी होते कारण गार दाणे मिक्सरला एका दमात फिरवतात आणि तेल सुटायच्या आत थांबतात. जास्त फिरवलं तर उलटं, गरम होऊन लगदा होतो. उखळात कांडताना दाणा चिरडतो, तेल सुटतं आणि चटणी ओलसर, दाबली तर मुठीत बसेल अशी होते.

पाव किलो दाण्याला पंधरा-वीस लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे लाल तिखट, चमचाभर जिरं, मीठ. आधी लसूण, जिरं, मीठ, तिखट कांडायचं, मग कोमट दाणे घालायचे. खानावळीत उखळ नसेलच, तर मिक्सर थांबत थांबत, दोन-दोन सेकंद फिरवा आणि शेवटी खलबत्त्यात घालून दहा-बारा ठोके द्या. ओला लसूण असतो, त्यामुळं आठवड्यापुरतीच करा म्हणावं. महिन्याची एकदम केली की तेलाला खवट वास येतो, आणि मग तीच चटणी मागितल्याशिवाय वाढत नाहीत.